पापुद्र्याची प्रतिष्ठा

सामान्य लांकडावर मौल्यवान लांकडाचा पातळ पापुद्रा चिकटविणें म्हणजे वरून कीर्तन आणि आंतून तमाशा, असा समज फार जुना आहे. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानेंहि या रीतीला चैनीचें लक्षण मानून दूषण दिलें. १८०६ सालीं मार्क ब्रुनेल यानें इंग्लंडांत पापुद्रे कापण्याच्या यंत्राचें पेटंट मिळविलें. पुढें पापुद्रा स्वस्त झाला, आणि कच्चें काम झांकण्याकडेहि त्याचा उपयोग होऊं लागला.

तथापि आम्हांस हा समज एकांगी वाटतो. पॅरिसचे एमील-जाक रुलमान (१८७९–१९३३) यांचे पलंग व कपाटें कसबी कारागिरांच्या हातून मकासरी अबनुसाच्या पापुद्र्यांनीं मढविलीं जात. एकाच ओंडक्याचे लगतचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांप्रमाणें उलगडून जोडले कीं, त्यांच्या रेषा एकमेकींचें प्रतिबिंब होतात. असें नक्षीदार लांकूड भरीव वापरलें, तर हवेंतील ओलाव्याच्या चढउतारानें तें फुगतें, आकसतें, तडकतें; म्हणूनच त्याला खालीं स्थिर बैठक लागते. येथें पापुद्रा लांकडाचें अंतरंगच उघडें करून दाखवितो.

इंदूरच्या यशवंतराव होळकरांनीं १९३० नंतर माणिकबाग सजविली, तेव्हां अभ्यासिकेकरितां रुलमान यांचें मेज आणविलें. शयनगृहांत मात्र धातु व कांच यांचे पलंग आले. १९८० सालीं तेथील बरेंच सामान मोनॅकोंत लिलावांत निघालें.

पापुद्र्याखालीं काय ठेविलें, यावरून कारागिराची सचोटी ठरते. भरीव तेवढें खरें, असें म्हणून तिचा निवाडा करतां येत नाहीं.