पुरवठा साखळी आणि पर्यावरण : तिरुप्पूरचा धडा

कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंतच्या सर्व टप्प्यांना मिळून पुरवठा साखळी म्हणतात. प्रदूषण पुष्कळदा विक्रेत्या कंपनीच्या आवारात नव्हे, तर या साखळीतील लहान कारखान्यांत घडते. तमिळनाडूतील तिरुप्पूर हे त्याचे ठळक उदाहरण होय.

होजिअरी वस्त्रांच्या निर्यातीसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरातील रंगाई कारखान्यांचे क्षारयुक्त सांडपाणी नोय्यल नदीत मिसळत असे. परिणामी, सिंचनासाठी बांधलेल्या ओरथुपाळयम धरणाचे पाणी शेतीला निरुपयोगी ठरले. शेतकऱ्यांच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांडपाणी नदीत अजिबात न सोडण्याचा आदेश दिला. त्याचे पालन न झाल्याने जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने रंगाई कारखाने बंद करण्यास सांगितले. ७०० हून अधिक कारखान्यांचे काम थांबले.

त्यानंतर सामायिक शुद्धीकरण प्रकल्पांत सांडपाण्यातील बहुतांश पाणी आणि रंगाईत लागणारे मीठ वेगळे काढून पुन्हा वापरले जाऊ लागले. या प्रक्रियेला वीज मोठ्या प्रमाणात लागते आणि तिचा भार प्रामुख्याने रंगाई कारखान्यांवर पडतो. खरेदीदार कंपन्यांनी हा खर्च कपड्यांच्या दरात धरला, तरच साखळी शेवटच्या दुव्यापर्यंत स्वच्छ राहू शकेल.