याचा काही नेम नाही

शाळेच्या डायरीत दोन शेरे ठरलेले: ‘वर्गात लक्ष नसते’ आणि ‘शिस्त नाही’. संध्याकाळी आजी त्यात तिसऱ्याची भर घालते, ‘या पोराचा काही नेम नाही बाई!’ ज्या घरात एडीएचडी (अवधानाची कमतरता आणि अति हालचाल) असलेलं मूल आहे, त्या घराला हे तिन्ही पाठ असतात. लक्ष, शिस्त आणि नेम. गंमत म्हणजे या तिघांचंही नातं नेमबाजीशी आहे.

संस्कृतात ‘लक्ष’ म्हणजे खूण, ज्यावर बाण मारायचा ते निशाण. (शंभर हजारांनाही आपण लक्षच म्हणतो. खिडकीपाशी बसलेल्या मुलाच्या बाबतीत तो अर्थ अधिक जवळचा.) ‘शिस्त’ फारसीतून आली. तिकडे ‘शस्त’ ही धनुर्धराच्या अंगठ्यातली अंगठी. प्रत्यंचा ओढताना बोट सोलवटू नये म्हणून घालायची. तिच्यावरून खुद्द नेमालाच शिस्त म्हणू लागले. हिंदी-उर्दूत ‘शिस्त बांधना’ म्हणजे नेम धरणं, आणि जुन्या मराठीतही शिस्त धरली जायची ती बंदुकीची. नंतर ती रांगेत, गणवेशात आणि कापलेल्या नखांत जाऊन बसली. ‘नेम’ तर ‘नियम’चंच झिजलेलं रूप. देवापुढे नित्यनेम, कैरीवर नेम, आणि ज्याचं काय होईल ते सांगता येत नाही त्याचा ‘नेम नाही’.

आपली अवधानाची भाषा अशी धनुर्धराची. एक बाण, एक निशाण. द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट आपल्याला म्हणूनच एवढी आवडते. महाभारताच्या आदिपर्वात झाडावर कारागिरांकडून करून घेतलेला नकली पक्षी बसवलेला आहे. युधिष्ठिराला झाड दिसतं, गुरुजी दिसतात, भाऊ दिसतात, पक्षीही दिसतो. उत्तरात खोटं काहीच नाही, तरी त्याला बोलणी खाऊन बाजूला व्हावं लागतं. अर्जुनाला फक्त पक्ष्याचं डोकं दिसतं. डोळा हा आपल्या सांगण्यातला वाढावा. पण हाच अर्जुन गीतेच्या सहाव्या अध्यायात मन चंचल आहे, त्याला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड आहे, अशी तक्रार करतो. ही गोष्ट पालकसभेत कुणी सांगत नाही.

‘चंचल’ हा शब्द मला ‘द्वाड’ आणि ‘वांड’पेक्षा बरा वाटतो. त्याच्यात ‘चल’ दोनदा हलतो, आणि चंचला हे लक्ष्मीचंही नाव आहे, विजेचंही. ‘वाह्यात’ मात्र जपून वापरावा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पोकळ, निरर्थक गोष्टी असा. आपण तो आठ वर्षांच्या पोराला चिकटवतो. आणि मुलींचं काय? धिंगाण्याचे शब्द आपण मुलग्यांसाठी राखून ठेवले, मुलीच्या वाट्याला ‘वेंधळी’, ‘धांदरट’, ‘तंद्री लागते तिला’. तिच्यात उड्या मारणं कमी आणि हरवणं जास्त असतं, म्हणून तिचं निदान बऱ्याचदा उशिरा होतं किंवा होतच नाही.

वैद्यकाची नावंही फार शहाणी नव्हती. 1902 मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. मुलांची बुद्धी शाबूत आहे हे त्यांनी ओळखलं, पण दोष नैतिक नियंत्रणात काढला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात 1968 साली नावाचा भर अति हालचालीवर होता. 1980 मध्ये तो अवधानाच्या कमतरतेकडे सरकला आणि 1987 मध्ये दोन्ही मिळून आजचं नाव झालं. त्यातला ‘कमतरता’ हा भाग मला अजून खटकतो. हेच मूल ठोकळ्यांचा किल्ला करताना दोन-दोन तास मान वर करत नाही, आणि मग ‘मनात आणलं की जमतं त्याला’ हा टोमणा आईला ऐकावा लागतो. मनात आणणं, तेही दुसऱ्यानं सांगितलेल्या वेळी, हीच तर अडचण आहे. मेंदूच्या वाढीशी निगडित असा हा विकार आहे, आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असतो. आईच्या नोकरीनं किंवा आजोबांच्या लाडानं तो होत नाही.

पालकांच्या उपयोगाची शब्दजोडी वेगळी आहे: अवधान आणि व्यवधान. दोन्हींत ‘धा’ हा धातू, अर्थ ठेवणं. मन एका जागी ठेवणं ते अवधान. मध्येच येऊन ठाकतं ते व्यवधान. मराठीत मागे लागलेल्या कामांनाही व्यवधानं म्हणतात. मुलात अवधान ओतता येत नाही, व्यवधानं मात्र उचलून बाजूला ठेवता येतात. टेबलावर एकच वही. स्वयंपाकघरातून ‘डबा घासायला टाक, हातपाय धू, दप्तर भर’ अशी ओरडून दिलेली यादी निम्म्या वाटेतच सांडते. त्यापेक्षा जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, एकच काम सांगायचं. ते झालं की दुसरं. गृहपाठाचे तुकडे करायचे आणि मधे जिना चढून-उतरून यायला सोडायचं.

आणि दम. दम देतात, दम धरतात, दम खातात. फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास, संस्कृतात ‘दम’ म्हणजे संयम. ज्या मुलाला मुळात थांबणंच जड जातं, त्याला घराघरात दम दिला जातो, आणि धरायला मात्र त्यालाच सांगतात. दम धरण्याचं काम आधी मोठ्यांनी शिकावं, असं आता बालरोगतज्ज्ञही सांगतात: शाळेत जाण्याआधीच्या वयात पहिला उपचार म्हणजे आईवडिलांचं प्रशिक्षण. त्यात शिकवतात ते बरंचसं ‘शाबास’भोवती फिरतं. फारसीतल्या ‘शाद बाश’चं हे रूप, अर्थ ‘आनंदी राहा’. शाबासकी तिथल्या तिथे द्यायची आणि कशाबद्दल ते सांगून. ‘गुणी बाळ’ नव्हे, ‘बूट जागेवर ठेवलेस, शाबास’.

औषधाची वेळ आली की शेजारपाजारचे ‘नशेच्या गोळ्या’ म्हणून घाबरवतात. ते द्यायचं की नाही, हे मुलाला तपासलेल्या डॉक्टरांशी बोलून ठरतं. रिटालिन हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. 1944 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनतज्ज्ञानं हे द्रव्य तयार केलं आणि नाव दिलं बायकोवरून. ती मार्गरीट, घरी सगळे रीटा म्हणायचे. तिचा रक्तदाब कमी असायचा, आणि टेनिस खेळायला जाण्याआधी ती ही गोळी घ्यायची.