सायबरपंक २०७७

सायबरपंक २०७७ हा पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने तयार केलेला व १० डिसेंबर २०२० रोजी प्रकाशित झालेला व्हिडिओ गेम आहे. नेमबाजी, मुक्त संचारासाठी खुले असलेले विस्तीर्ण शहर आणि एका पात्राची भूमिका वठवत कथा पुढे नेणे, या तिन्ही प्रकारांचा त्यात संयोग आहे. माइक पाँडस्मिथ यांनी १९८८ मध्ये प्रकाशित केलेल्या, कागद-पेन्सिल व फासे घेऊन खेळायच्या 'सायबरपंक' या खेळावर तो आधारलेला आहे. प्रकाशनानंतरच्या पहिल्या दिवसांत या खेळाविषयी परस्परांशी मुळीच न जुळणारी मते व्यक्त झाली. त्याचे कारण खेळाडूंच्या आवडीनिवडीपेक्षा त्यांच्याकडील यंत्रांत अधिक होते.

कथानक व खेळाची रीत

कॅलिफोर्नियातील नाइट सिटी या काल्पनिक शहरात इ.स. २०७७ मध्ये कथा घडते. खेळाडू 'व्ही' या पैसे घेऊन जोखमीची कामे करणाऱ्या पात्राची भूमिका करतो. व्ही स्त्री की पुरुष, आणि भटक्या टोळीतील, रस्त्यावर वाढलेली व्यक्ती की बड्या कंपनीतील नोकरदार, हे आरंभीच ठरवावे लागते. हे तीन मार्ग फार लवकर एकाच कथेला येऊन मिळतात, हा आक्षेप पहिल्यापासूनच घेतला गेला.

अरासाका या बलाढ्य कंपनीच्या ताब्यातील एक चिप चोरण्याची मोहीम फसते आणि ती चिप अखेर व्हीच्या मस्तकात उरते. तिच्यात जॉनी सिल्व्हरहँड या दिवंगत रॉक गायकाचे मन साठवलेले असून ते हळूहळू व्हीचे मन पुसू लागते. परकायाप्रवेशाची कल्पना आपल्या कथावाङ्मयाला नवी नाही. येथे मात्र मूळचा रहिवासी व पाहुणा एकाच देहात भांडत राहतात, आणि त्यांचे संवाद हा खेळाचा सर्वांत सरस भाग आहे. जॉनीची भूमिका अभिनेता कियानू रीव्ह्ज यांनी केली आहे.

सारे दृश्य व्हीच्या डोळ्यांतून दिसते. काही बंदुकांच्या गोळ्या भिंतीवर आपटून वळतात, काही भिंत भेदतात, तर काही लक्ष्याचा स्वतःच पाठलाग करतात. शस्त्र न उचलता शत्रूच्या शरीरातील यंत्रांमध्ये शिरकाव करून त्याला निष्प्रभ करण्याचीही सोय आहे.

पहिले दिवस

खेळाची घोषणा २०१२ मध्ये झाली होती. एप्रिल २०२० मधील नियोजित प्रकाशन तीनदा पुढे ढकलले गेले. प्रकाशनापूर्वी समीक्षकांना संगणकावरील आवृत्ती देण्यात आली आणि स्वतः चित्रित केलेली दृश्ये दाखवण्यास त्यांना मनाई होती. त्यामुळे आरंभीची परीक्षणे बहुतांशी अनुकूल आली. शहराची रचना, उपकथा व पात्रे यांची स्तुती झाली. तांत्रिक दोषांचा उल्लेखही अनेकांनी केला. एका दृश्यातील झपाट्याने लुकलुकणाऱ्या दिव्यांमुळे एका समीक्षिकेला अपस्माराचा झटका आला. त्यानंतर कंपनीने खेळात इशारा घातला व ते दृश्य बदलले.

प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या २०१३ मधील यंत्रांवर मात्र वेगळेच चित्र दिसले. चित्र अडखळे, माणसे व वाहने उशिरा उमटत, खेळ मध्येच बंद पडे. गजबजलेल्या शहराची माहिती जुन्या यंत्रांच्या संथ डिस्कवरून वेळेवर पुरवणे हे मूळ दुखणे होते. परीक्षणे वाचून पैसे मोजलेल्या ग्राहकाला, त्या परीक्षणांतील खेळ आपल्या घरात नाही, हे खरेदीनंतर कळले. यात समीक्षकांनी खोटे लिहिले असे म्हणता येत नाही. त्यांनी पाहिलेला खेळच निराळा होता.

सोनी कंपनीने १७ डिसेंबर रोजी पैसे परत करण्याची घोषणा केली व खेळ आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. एवढ्या मोठ्या खेळाच्या बाबतीत असे क्वचितच घडते. तो २१ जून २०२१ रोजी तेथे परतला. तरीही २० डिसेंबरपर्यंत परतावे वजा जाता १.३ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने जाहीर केले. जुन्या यंत्रांसाठी खेळ जुळवून घेण्याचे काम आपण कमी लेखले, अशी कबुली सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी जानेवारी २०२१ मध्ये चित्रफितीद्वारे दिली.

नंतरच्या सुधारणा

फेब्रुवारी २०२२ मध्ये नव्या यंत्रांसाठी स्वतंत्र आवृत्ती आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'सायबरपंक : एजरनर्स' ही जपानी सचेतपट मालिका प्रदर्शित झाल्यावर अनेक खेळाडू पुन्हा खेळाकडे वळले. सप्टेंबर २०२३ मधील २.० या सुधारणेत कौशल्यांची रचना नव्याने केली गेली. पूर्वी पोलीस अचानक पाठीशी प्रकट होत. आता ते वाहनांतून पाठलाग करू लागले. 'फँटम लिबर्टी' हा पुरवणी भाग २६ सप्टेंबर २०२३ रोजी आला व त्याचे उत्तम स्वागत झाले. या खेळाविषयीचे कोणतेही मत वाचताना त्याची तारीख व यंत्र पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

२.० ही सुधारणा आणि 'फँटम लिबर्टी' प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यांच्यासाठी काढण्यात आले नाहीत.