तहातला तिसरा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात इतिहासाचे दोन पक्ष होते. आजोबा पाटीलबावांच्या, म्हणजे महादजी शिंद्यांच्या पक्षाचे. त्यांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी, कुणाच्याच पक्षाची नव्हे. गोष्ट रंगात आली की ती भाजी निवडता निवडता विचारी, "मग त्याचं काय झालं, दादा?" हा 'तो' दर वेळी निराळा असे, आणि आजोबांना नेमका तोच अडचणीचा वाटे.

आजोबांची लाडकी गोष्ट सालबाईची. सालबाई हे डबऱ्याकडचं गाव. १७ मे १७८२ रोजी तिथे महादजींनी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील डेव्हिड अँडरसन याच्याशी तह केला आणि १७७५ पासून चाललेलं इंग्रज-मराठा युद्ध थांबलं. इंग्रजांनी पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांचा पक्ष सोडला. दादांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक ठरली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. तह पाळला जाईल याची हमी दोन्ही बाजूंसाठी महादजींनी घेतली. "दोघांचा जामीन एकच, आणि तो आपला!" असं म्हणताना आजोबांचा आवाज चढायचा. त्या अभिमानाला आधारही होता, कारण पुढची वीस वर्षं मराठे आणि इंग्रज एकमेकांशी लढले नाहीत.

हा तह इंग्रजांच्या भलेपणातून आला नव्हता. १७८० मध्ये नाना फडणिसांनी निजाम, म्हैसूरचा हैदर अली आणि नागपूरकर भोसले यांना कंपनीविरुद्ध एकत्र बांधलं होतं. निजाम आणि भोसले लवकरच गळाले, पण हैदरानं त्याच वर्षी पोल्लिलूरला कंपनीची एक फौज पुरती मोडली. त्या धसक्याशिवाय कंपनीचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज इतक्या लवकर तहाला आला नसता.

इथे आत्याआजी विचारी, "मग हैदराचं काय झालं?"

हैदरानं जिंकलेला कर्नाटकातला मुलूख सोडावा, असं कलम सालबाईच्या तहात घातलं गेलं. हैदराची त्यावर सही नव्हती. नानांनी तहाला मान्यता द्यायला महिने लावले. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारला, तेव्हा कुठे त्यांनी ती दिली. आठच वर्षांनी पेशवे, निजाम आणि कंपनी एका बाजूला आले आणि समोर उभा होता हैदराचाच मुलगा टिपू. १७९२ मध्ये त्याचं अर्धं राज्य गेलं.

दुसरा 'तो' गोहदचा राणा. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपहॅमनं रात्रीच्या अंधारात आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर शिड्या लावल्या. चोरांनी वाट दाखवली आणि शिपायांच्या पायांत कापूस भरलेले जोडे होते, हे आम्ही घरी ऐकलं होतं. पुढे पुस्तकांतही तेच सापडलं. किल्ला राण्याला मिळाला, कारण तो कंपनीचा दोस्त होता. पण महादजी दोस्त झाल्यावर राणा कंपनीला जड झाला. त्यानंच करार मोडला, असं कंपनीनं ठरवून टाकलं. १७८३ मध्ये महादजींनी ग्वाल्हेर घेतलं आणि पाठोपाठ गोहद. कंपनी स्वस्थ बसून राहिली.

यावर आजोबा म्हणत, "राजकारणात असंच असतं." आत्याआजी म्हणे, "असेल. पण मग त्याला शांतता कशाला म्हणता? लढाई शेजारच्या घरी नेली, एवढंच."

ही शांतता वसईनं मोडली, आणि वसई हाही दोस्तीचाच करार होता. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. पेशवा दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईत कंपनीच्या आश्रयाला गेला. कंपनीची सहा हजारांची फौज कायमची पदरी घ्यायची आणि तिच्या खर्चाला सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, असं ठरलं. महादजींच्या गादीवर आलेल्या दौलतराव शिंद्यांना कुणी विचारलंही नाही. वर्षाच्या आत असई आणि लासवारीच्या लढायांत महादजींनी उभारलेलं कवायती लष्कर संपलं.

आजोबांकडे याचंही उत्तर असे : "होळकर तेव्हा बाजूला राहिले. आपली एकी असती तर?" हा प्रश्न खोटा नाही. एकटं राहण्याची किंमतही आम्ही मोजली आहे.

दोस्त घरातच येऊन राहिला की काय होतं, हे ग्वाल्हेरनं नंतर पाहिलं. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार इथे एकाच दिवशी इंग्रजांशी दोन लढाया हरल्यावर बाल जयाजीराव शिंद्यांच्या दरबाराला नवा तह करावा लागला. दरबाराच्या फौजेवर नऊ हजारांची मर्यादा आली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचं कंटिंजंट वाढलं. त्याचा पगार ग्वाल्हेरच्या मुलखातून जाई. जिंकलेल्या तोफांच्या धातूची पदकं करून इंग्रज शिपायांच्या छातीवर लावली गेली. शांतता राखण्यासाठी ग्वाल्हेरजवळ मुरारला ठेवलेलं तेच कंटिंजंट जून १८५७ मध्ये उठलं.

आजोबांनी सांगितलेली शेवटची गोष्ट त्यांच्या वडिलांच्या काळातली. १९१४ मध्ये युरोपातली राष्ट्रं दोस्तीच्या करारांनी एकमेकांना अशी जखडलेली होती की साराजेव्होतल्या खुनानंतर महिन्या-सव्वा महिन्यात बहुतेक युद्धात ओढली गेली. या करारांपैकी एकाही कागदावर ग्वाल्हेरचं नाव नव्हतं. तरी इंग्रजांच्या बाजूनं ग्वाल्हेरचं पायदळ पूर्व आफ्रिकेत टांगाच्या किनाऱ्यावर उतरलं. या वेळी तहातले तिसरे आम्हीच होतो.

युती शांतता आणते की तणाव वाढवते, असा प्रश्न आता नाटोच्या निमित्तानं पुन्हा विचारला जातो. आजोबा आणि आत्याआजी दोघांचं ऐकून मोठा झालेला मी त्याचं एका शब्दात उत्तर देत नाही. सालबाईनं दोन थकलेल्या, तुल्यबळ पक्षांना खरोखर वीस वर्षं दिली. वसईनं दुबळ्याला बळकटाच्या पदरी बांधलं आणि युद्ध ओढवून घेतलं. दोन्हीकडे कलमं होती, शिक्के होते. फरक पडला तो ताकदीच्या तोलामुळे आणि फौज कुणाच्या हुकमात राहणार यामुळे. आणि चांगल्यातला चांगला तहसुद्धा त्यावर सह्या करणाऱ्यांपुरतीच शांतता देतो. म्हणून कराराची बातमी आली की सह्यांची नावं वाचून मी थांबत नाही. कुणाला न विचारता कुणाचा मुलूख त्यात ठरला, हे शोधतो. पुढचं युद्ध बहुधा तिथेच सुरू होतं.