इंजिनाची टकटक आणि शिशाचं पेट्रोल

अनमोडची चढण किंवा चोर्ला घाट जुन्या फियाटने चढलेल्यांना तो आवाज आठवत असेल. गाडी टॉप गिअरला, पुढे चढ, आणि ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखाली डब्यात खडे हलवल्यासारखी टकटक सुरू. पाय उचलला की बंद. गॅरेजमधला मेस्त्री ऐकताक्षणी सांगायचा, "नॉकिंग करते." मग डिस्ट्रिब्युटर सैल करून जरासा फिरवायचा, टायमिंग मागे घ्यायचा, आणि गाडी गप्प व्हायची. थोडी मरगळायची, पण गप्प.

या आवाजामागे केवढा इतिहास आहे, हे आम्हां आर्ट्सवाल्यांना सहसा ठाऊक नसतं. मोटारीच्या या एका खोडीवर जो उपाय सापडला, त्याने जगभरच्या हवेत शिसं मिसळलं.

गोष्ट अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरी सुरू होते. चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनियरने हँडल न मारता, विजेवर सुरू होणारी मोटार केली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा स्टार्टर आला आणि त्याचबरोबर बॅटरीवर चालणारी ठिणगीची व्यवस्थाही. पुढे गाड्या चढावर टकटक करू लागल्या, तेव्हा लोकांनी बोट केटरिंगकडेच दाखवलं: याची ठिणगी वेळेआधी पडते, म्हणून आवाज येतो. केटरिंगचं नाव पणाला लागलं. १९१६ साली त्याच्याकडे थॉमस मिजली हा तरुण इंजिनियर नोकरीला लागला आणि हे काम त्याच्या गळ्यात पडलं.

मिजलीने कानावर विसंबणं सोडलं. सिलिंडरमधला दाब कधी, किती वाढतो हे टिपणारं उपकरण त्याने जुळवलं. आरोप खरा असता तर दाब ठिणगीच्या आधी उसळायला हवा होता. तो उसळत होता ठिणगीनंतर. ठिणगी निर्दोष सुटली. आरोपी निघालं इंधन. ठिणगीपासून ज्वाला पसरत जाते, पण कोपऱ्यात उरलेलं न जळलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपसूक, एकदम पेटतं आणि दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतीवर आदळते. तीच टकटक. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, म्हणून आवाज नेमका तेव्हाच येतो.

पुढचा भाग जवळजवळ विनोदी आहे. बर्फाखालीही फुलणाऱ्या एका रानवेलीची पानं मागून लाल असतात. लाल रंग उष्णता लवकर शोषत असेल, तर इंधन लाल केल्यास ते लवकर वाफ होईल आणि नीट जळेल, असा दोघांचा तर्क. प्रयोगशाळेत लाल रंग मिळेना, म्हणून मिजलीने आयोडीन टाकलं. आवाज थांबला! नंतर खरे लाल रंग आणून टाकले, तर काहीच फरक नाही. तर्क साफ चुकीचा होता. पण इंधनात चिमूटभर काही घालून टकटक थांबवता येते, हे कळलं.

मग शोध सुरू झाला. टेलुरियमच्या संयुगांनी काम व्हायचं, पण त्यांचा लसणासारखा वास अंगाला चिकटून राहायचा. शेवटी ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड सापडलं. प्रमाण हजार भागांत एकाच्या आसपास, आणि इंजिन अगदी शांत.

अल्कोहोलनेही टकटक थांबते, हे या मंडळींना माहीत होतं. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकतो. फेणीच्या मुलखातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. त्याच्यावर मक्तेदारी कशी सांगणार? शिशाच्या मिश्रणावर पेटंट घेता येत होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये हे पेट्रोल डेटनमध्ये विकायला आलं. नाव ठेवलं 'एथिल'. त्या नावात शिसं हा शब्दच नव्हता, आणि मला तरी हा योगायोग वाटत नाही. शिसं विष आहे हे प्राचीन काळापासून ठाऊक होतं. खुद्द मिजली १९२३ च्या सुरुवातीला शिशाच्या बाधेने आजारी पडून विश्रांतीला गेला होता.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात कामगारांना भास होऊ लागले, ते हिंसक झाले, आणि पाच जण मेले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवात हात धुतले आणि मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखवली. १९२५ च्या सरकारी परिषदेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी कडाडून विरोध केला. पुढच्या वर्षी सरकारी समितीने बंदीला पुरेसं कारण नाही असं ठरवलं आणि विक्री पुन्हा सुरू झाली. दुखण्याचं निदान उपकरणाने झालं होतं. औषधाची परीक्षा मात्र फक्त कानाने झाली. आवाज गेला, म्हणजे रोग गेला!

हिशेब काढला तो मोटारीशी संबंध नसलेल्या माणसाने. क्लेअर पॅटरसन हे उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय मोजत होते, आणि प्रयोगशाळेत जिकडे तिकडे आगंतुक शिसं सापडून मोजमाप बिघडत होतं. त्याचा माग काढत १९६५ साली त्यांनी लिहिलं, की माणसांच्या अंगातलं शिसं नैसर्गिक नाही. पेट्रोल हा त्यातला मोठा वाटेकरी होता.

आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं १ फेब्रुवारी २००० पासून. म्हणजे आज चाळिशी ओलांडलेल्यांचं शाळकरी वय त्याच धुरात गेलं. म्हापसा-मडगावच्या बाजारातून पायलटच्या मोटरसायकलवर मागे बसून आपण काय हुंगलं, याचा हिशेब कुठल्याच कचेरीत नाही. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम सर्वांत जास्त होतो. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये ते विकणं थांबवलं.

आणि अल्कोहोल? ते इथेनॉल म्हणून परत आलंय. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं. जुन्या गाडीवाले मायलेजच्या आणि रबरी नळ्यांच्या तक्रारी करतात, ते निराळं. नव्या गाड्यांत इंजिनाला चिकटवलेला सेन्सर टकटक ऐकतो आणि कॉम्प्युटर टायमिंग आपोआप मागे घेतो. त्यामुळे आता ॲक्सिलरेटर दाबल्यावर खडखड ऐकू आलीच, तर मेस्त्री आधी गाडीखाली वाकून सायलेन्सरवरचा पत्रा सैल झालाय का ते बघतो.