१६ जुलै १९९८ : प्रकाश अडवणारी सिलिकॉनची रास

अवरक्त प्रकाश अडवणाऱ्या त्रिमितीय फोटॉनिक स्फटिकाचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आजच्या दिवशी छापून आला. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत शॉन-यू लिन आणि सहकाऱ्यांनी हा स्फटिक घडवला. होळीला लाकडं आडवी-उभी रचावीत तसे सिलिकॉनच्या बारीक कांड्यांचे थर काटकोनात चढवले. कांडी जेमतेम सव्वा मायक्रॉन रुंद, केसाहून कितीतरी बारीक! प्रत्येक थर घासून सपाट करायचा, मगच पुढचा. थर उंचसखल राहिला की वरची रचना बिघडलीच. शेवटी कांड्यांमधली जागा व्यापणारा सिलिकॉनचा ऑक्साइड आम्लाने विरघळवला. उरलेली जाळी १० ते १४.५ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश आरपार जाऊ देईना.