चप्पल, चुंबक आणि आत्या

मंद्रूपच्या घरी आत्याला फीट आली की कुणीतरी चप्पल शोधायला पळायचं. बहुतेक वेळा मीच. चप्पल तिच्या नाकाशी धरली की दोन मिनिटांत फीट थांबायची आणि श्रेय चपलेला मिळायचं. बहुतेक फीट तेवढ्या वेळात आपोआपच थांबते, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

लग्नानंतर वर्षभरातच आत्या माहेरी परत आली होती. 'आकडीचं लपवलं' असं सासरचे म्हणाले. लपवलं होतंच. पण १९७६ च्या दुरुस्तीपासून हिंदू विवाह कायदाच वारंवार फीट येणाऱ्या माणसाला लग्नाला अपात्र ठरवत होता, तेही वेडाच्या झटक्यांच्या जोडीला बसवून. अपस्माराचा उल्लेख तिथून निघाला १९९९ साली.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९९७ मध्ये, अमेरिकेत फीटसाठी शरीरात बसवायच्या पहिल्या विद्युत यंत्राला मान्यता मिळाली होती. कल्पना मात्र शंभरएक वर्षं जुनी. १८८० च्या दशकात न्यूयॉर्कचे जेम्स कॉर्निंग रुग्णाच्या मानेतल्या रक्तवाहिन्या बाहेरून दाबत आणि जोडीला वीज देत. मेंदूत रक्त जास्त झाल्यानं फीट येते, असा त्यांचा समज. समज चुकीचा होता, रुग्णांना चक्कर यायची, आणि प्रकरण मिटलं. शंभर वर्षांनी जेकब झबारा यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की मानेतल्या व्हेगस नर्व्हला ठरावीक वीज दिली तर झटके थांबवता येतात. या नर्व्हचे सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे बातमी नेतात, म्हणजे कवटी न उघडता मेंदूपर्यंत पोचायचा हा रस्ताच. १९८८ मध्ये पहिल्या माणसात यंत्र बसलं.

डाव्या छातीत कातडीखाली पेसमेकरसारखी डबी, तिथून मानेपर्यंत वायर. साधारण तीस सेकंद चालू, पाच मिनिटं बंद. फीट येवो न येवो, चालूच. आमच्या भाषेत हा क्रॉन जॉब झाला. मला जास्त आवडतं ते २०१३ मध्ये मान्यता मिळालेलं दुसरं यंत्र, आरएनएस. ते कवटीच्या हाडात बसतं, मेंदूतल्या लहरी सतत ऐकतं आणि फीटची सुरुवात ओळखली तरच वीज सोडतं. ओळखायचं काय, हे डॉक्टर त्या रुग्णाच्या नोंदी पाहून बसवत जातात. १९१ रुग्णांवरच्या चाचणीत दोन वर्षांनी फीट निम्म्याच्या आसपास कमी झाल्या होत्या. प्रॉडक्शनमधला एवढा नाजूक कोड लिहायची माझी हिंमत होणार नाही.

निम्म्या म्हणजे पूर्ण बंद नव्हे, हे आधी समजून घ्यावं लागतं. अपस्माराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना औषधं पुरत नाहीत. योग्य अशी दोन औषधं नीट घेऊनही फीट येत राहिल्या, तर फीट सुरू होणारी जागा शस्त्रक्रियेनं काढता येईल का, हे आधी पाहतात. आत्याच्या फीट मेंदूच्या दोन्ही बाजूंनी सुरू होतात, त्यामुळे ते दार बंद झालं. डॉक्टरांनी व्हेगसच्या यंत्राचा पर्याय सांगितला. खर्च लाखांत, काही वर्षांनी बॅटरीसाठी पुन्हा छोटी शस्त्रक्रिया, आणि वीज चालू असताना आवाज थोडा घोगरा होऊ शकतो.

"महिन्याला आठ येतात, त्या चार झाल्या तरी चालतील की," आत्या म्हणाली. आवाजाचं ऐकून मात्र हसली. "भजनाला गाते मी. तेवढा वेळ बंद ठेवता येतं का?"

येतं. या यंत्रासोबत मनगटावर बांधायचा चुंबक मिळतो. तो छातीवरच्या डबीवर धरून ठेवला की वीज थांबते. आणि फीट येतेय असं वाटताच नुसता फिरवला की जादा वीज सुटते, कधीकधी फीट तिथेच अडते. घरचं कुणीही तो फिरवू शकतं. आत्याला फीटच्या आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, हे तिनं आम्हाला कित्येकदा सांगितलेलं. तोवर आम्ही चप्पल शोधत असायचो.

परवा मी तिला मोबाईलवर त्या चुंबकाचा फोटो दाखवला. तिनं तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"घड्याळागतच आहे की. हे माझ्याच हातात राहणार ना?"